चौदा नंबरचं सॅम्पल

“चौदा नंबरचं सॅम्पल परत पाठवतोय, सिस्टर. रिपीट.”

इंटरकॉमवर पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. त्या पीपीईच्या सूटमध्ये माणूस बोलायच्या आधीच दमलेला असायचा. मग पाझारे सिस्टर म्हणाल्या, “ढेंगळेभाऊ, आज नका नं रिपीट म्हणू. आजच्या दिवस चालवून घ्या.”

“काय चालवून घ्या? सीरम लाल आलंय. थोडंथोडकं नाही, लालभडक.”

“तसंच लावा मशीनवर.”

“आणि आकडा खोटा आला म्हणजे?”

त्यांनी फोन ठेवून दिला. माझ्या तोंडावर! लॅबमध्ये माझी सव्वीस वर्षं झाली होती, तोवर एकाही सिस्टरनं असं केलं नव्हतं. शिव्या दिल्या असतील, नाही कशाला म्हणू, पण त्या फोन ठेवल्यावर.

मी वामन ढेंगळे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा आता सांगायला हरकत नाही. ही गोष्ट कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली. आमच्या विदर्भातला एप्रिल, म्हणजे सकाळी दहालाच खिडकीची सळई हाताला चटका द्यायची. लॅबमध्ये आम्ही तिघं होतो, त्यातले दोघं पॉझिटिव्ह येऊन घरी पडले. उरलो मी एकटा. सकाळी आठला यायचो आणि घरी कधी गेलो, काय जेवलो, हे बायकोला विचारून कळायचं.

तो आजार भारी कावेबाज. माणूस वरून धडधाकट दिसायचा, पोहे खायचा, मोबाईलवर पोराला रागवायचा, आणि तिसऱ्या दिवशी कोसळायचा. पण कोसळायच्या आधी रक्त चुगली करायचं. सीआरपी चढायचं, डी-डायमर चढायचं, एलडीएच चढायचं. ही नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. एवढंच धरा की हे आकडे वाढले म्हणजे आत आग लागलेली आहे, बाहेरून दिसो की न दिसो.

आमचे देवतळे डॉक्टर तेव्हा बत्तीस वर्षांचे. त्यांनी या आकड्यांवरून रोजची एक यादी बांधली होती. वॉर्डात सहासष्ट पेशंट, आणि नाकातून जोराचा ऑक्सिजन देणारी मशीनं चार. मशीन कोणाला द्यायचं यावरून त्यांना दिवसभर फोन यायचे. अमक्या भाऊंचा माणूस आहे, तमक्या साहेबांची सासू आहे. डॉक्टर सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, “यादीत नंबर बघा. रक्तावर जातो मी, नात्यावर नाही.” सकाळी सहाला सगळ्यांचं रक्त निघायचं, नऊपर्यंत माझ्याकडे यायचं, आणि दुपारी दोनला यादी डॉक्टरांच्या हातात. त्यात एलडीएचला सगळ्यात जास्त वजन होतं, कारण बाकीच्या बऱ्याच तपासण्यांची किट संपली होती. एलडीएच सहाशेच्या वर गेलं की पेशंट थेट पहिल्या नंबरावर.

म्हणजे यादी माझ्या हातची. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. कोणाच्या बापाचा फोन आला तरी माझा आकडा हलायचा नाही. सॅम्पल जरा इकडचं तिकडं वाटलं की मी परत पाठवायचो. वॉर्डातल्या पोरी मला मागून ‘रिपीटबुवा’ म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि आतून बरंही वाटायचं.

तर त्या दिवशी चौदा नंबरच्या कॉटची नळी. रक्ताची नळी गरगर फिरवली की खाली लाल पेशी बसतात आणि वर सीरम उरतं. ते गव्हाच्या काडीच्या रंगाचं दिसायला पाहिजे. हे लाल होतं, म्हणजे पेशी फुटलेल्या. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एलडीएच बाहेर सांडतं आणि चांगल्या माणसाचाही आकडा तिप्पट दिसतो. सुई बारीक असली, शीर सापडत नसली की असं होतं. दमलेल्या हाताला दोष काय द्यायचा? पाझारे सिस्टर आदल्या संध्याकाळपासून ड्युटीवर होत्या. सुटका करायला येणारी सिस्टर पॉझिटिव्ह निघाली, त्यामुळे त्यांची रात्र संपून दिवसही चालू झाला होता.

मी सॅम्पल बाजूला ठेवलं आणि त्याच पेशंटच्या दुसऱ्या दोन नळ्या उचलल्या. एका पेशंटच्या एकाच सुईतून आम्ही तीन नळ्या भरायचो, लाल टोपणाची, निळ्या टोपणाची आणि जांभळ्या टोपणाची. निळ्या टोपणाची फिरवली. वरचं पाणी स्वच्छ. जांभळीही फिरवून पाहिली. तीही स्वच्छ!

मी स्टुलावर बसलो. सुई तीच, शीर तीच, हात तोच. दोन नळ्या चांगल्या आणि नेमकी एलडीएचची तेवढी नासलेली. शीर वाईट असती तर तिन्ही नासल्या असत्या. ही नळी भरून झाल्यावर कोणीतरी मुद्दाम हलवली होती. हलवली म्हणजे चांगली घुसळली होती.

आणि नळी घुसळली की एलडीएच वाढतं, हे पाझारे सिस्टरना शिकवलं कोणी? मीच. आठवड्यापूर्वी त्यांना झापताना म्हणालो होतो, “नळीत काय ताक करता काय? धडधाकट माणूस यादीत वर जाऊन बसेल.” तेव्हा त्यांनी निमूटपणे मान हलवली होती.

माझं डोकंच फिरलं. गावातले पुढारी थकले, साहेब थकले, आणि यादी नासवली ती घरच्याच माणसानं. मी तिन्ही नळ्या स्टँडमध्ये लावल्या, लॅबला कुलूप घातलं आणि तडक वॉर्डाकडे निघालो.

सिस्टर वॉर्डाच्या मागच्या पायरीवर निंबाच्या सावलीत बसल्या होत्या. सूट नुकताच उतरवलेला. गालांवर मास्कचे वळ, केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि हाताची बोटं धुण्याच्या टपात दिवसभर बुडवल्यासारखी सुरकुतलेली. पाण्याची बाटली तोंडाला लावून त्या पीतच होत्या. मी समोर उभा राहिलो तरी बाटली खाली आली नाही.

मी स्टँड पुढे धरला. “हे काय आहे?”

त्यांनी बाटली संपवली. टोपण लावलं. “तुम्हाला कळलं नं? मग विचारता काहून?”

“म्हणजे हलवली?”

“हलवली. चांगली पाच मिनिटं हलवली.”

मला वाटलं होतं बाई नाही म्हणेल, रडेल, निदान खाली बघेल. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. माझाच आवाज चढला. “कोण लागते ती तुमची? मावशी? आत्या?”

“कोणी नाही लागत जी. टेकाम आडनाव आहे तिचं. सोनाबाई टेकाम. जंगलाकडच्या गावची. तिचा पोरगाही पॉझिटिव्ह आहे, शाळेतल्या कोविड सेंटरात ठेवला त्याले. तिच्यासाठी फोन करणारं कोणी नाही.”

“मग हा उपद्व्याप कशाला?”

“बुडून राहिली ती, भाऊ.”

“कशावरून? ऑक्सिजन किती?”

“चौऱ्याण्णव.”

“ताप?”

“नाही.”

“मग बुडते कशावरून?”

 त्या हळूच म्हणाल्या, “तुम्हाला सांगितलं तर हसाल. ती बाई आली त्या दिवसापासून भांडते. तंबाखूचा खर्रा पाहिजे, म्हणून भांडते. चहात साखर कमी, म्हणून भांडते. शेजारची कण्हते म्हणून तिच्याशी भांडते. तीन दिवस तिनं मला ‘मुडदा बसविला तुहा’ म्हणून शिव्या घातल्या. काल संध्याकाळपासून भांडली नाही. रात्री मी म्हटलं, सोनाबाई, चहा फिका आहे बरं. तर म्हणे, असू दे माय.” सिस्टरनी डोळे पुसले, का घाम पुसला, कोण जाणे. “सतरा वर्षं झाली मला वॉर्डात. भांडणारं माणूस ‘असू दे’ म्हणालं की मी घाबरते.”

“डॉक्टरांना सांगितलं?”

“सांगितलं. ते म्हणाले, सिस्टर, कालचे आकडे चांगले आहेत, आजचे बघू. त्यांचं तरी काय चुकलं? उभ्या उभ्या झोपतात ते. सहासष्ट माणसं आहेत.”

“मग आजचे आकडे येऊ द्यायचे होते ना! खरे!”

“खरे आकडे उद्या बोलतील, भाऊ. मशीन आज मोकळं आहे.”

मशीन एक सकाळी मोकळं झालं होतं हे खरं. कसं मोकळं झालं, हे विचारायची पद्धत नव्हती.

मी म्हणालो, “आणि ते मशीन ज्याच्या हक्काचं आहे त्याचं काय? सहा नंबरच्या कॉटवरचे उमाटे मास्तर. त्यांचं एलडीएच पाचशे ऐंशी आहे, खराखुरा, न हलवता. माझ्या पोरीला गणित शिकवलं त्यांनी. त्यांच्या बायकोला तुम्ही जाऊन सांगणार का, की आम्ही नळी घुसळली म्हणून तुमचा नंबर गेला?”

 त्यांनी हात पुढे केला. मला कळेना कशासाठी. मग लक्षात आलं, नवीन नळी मागत होत्या. मी खिशातून लाल टोपणाची नळी काढून दिली. मी ती घेऊनच निघालो होतो, एवढा मी पक्का!

त्या उठल्या. नवा सूट घालायला पंधरा मिनिटं लागायची आणि त्यात पुढचे चार तास पाणीसुद्धा पिता यायचं नाही. बारा वाजत आले होते. दाराशी जाऊन त्या वळल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरांना माझं नाव सांगायचं तर सांगा. पण तिला एकदा बघून जा म्हणावं. तुमचं ऐकतात ते.”

सव्वाला नवीन सॅम्पल आलं. वॉर्डातल्या मावशीनं खिडकीत ठेवलं, बरोबर काही निरोप नाही. फिरवलं. सीरम काडीच्या रंगाचं, अगदी पुस्तकात दाखवावं तसं. मशीनवर लावलं. एलडीएच दोनशे छत्तीस. सीआरपी अडतीस. डी-डायमर जवळपास नॉर्मल. म्हणजे बाई यादीत चव्वेचाळिसाव्या नंबरावर.

बघा! मी एकटाच मोठ्यानं म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कोणाचं वाईट चिंतून नव्हे. माझं बरोबर निघालं म्हणून झाला. दमलेल्या माणसाला बरोबर निघण्याचा आनंद फार लागतो, तेवढंच त्याच्याकडे उरलेलं असतं.

दोनला देवतळे डॉक्टर आले. ते नेहमी लॅबच्या दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. खुर्ची दिली तर बसायचे नाहीत, बसलो की उठवत नाही म्हणायचे. त्यांनी यादी वरून खाली वाचली. “सहा नंबर. उमाटे. ठीक, त्यांना मशीन लावू.” मग बोट खाली नेत नेत थांबले. “ढेंगळेकाका, हे चौदा नंबर. पाझारे सिस्टर सकाळी काहीतरी म्हणत होत्या या पेशंटबद्दल. तुमच्याशी काही बोलल्या का?”

त्यांनी मला सरळ विचारलं होतं. मी तेव्हा काहीही सांगू शकलो असतो. नळीचं सांगायची गरज नव्हती. बाई भांडायची थांबली, सिस्टरला काळजी वाटते, एकदा बघून या, एवढं सांगायला किती वेळ लागतो? ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण सकाळी आपटलेला फोन कानात होता, ती लाल नळी डोळ्यांसमोर होती, आणि मनात म्हटलं, यादी नासवायला निघालेल्या बाईची वकिली मी कशाला करू?

“आकडे चांगले आहेत, सर,” मी म्हणालो.

“शंका नाही ना?”

“रिपीट करून घेतलंय. क्लीन सॅम्पल आहे.”

“मग झालं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी यादी घडी करून खिशात घातली आणि ते गेले.

उमाटे मास्तरांना अडीचला मशीन लागलं. मास्तर वाचले, हे आधीच सांगून टाकतो. अकरा दिवसांनी घरी गेले. अजूनही बाजारात भेटले की हात धरून म्हणतात, “ढेंगळे, तुमच्या यादीनं मला तारलं.” त्यांची बायको दर दिवाळीला चिवडा पाठवते. तेव्हा मशीन देण्यात माझी चूक झाली असं मला कोणी म्हणू नये, आणि मीही म्हणत नाही. मशीन एकच होतं आणि ते ज्याला द्यायचं त्याला दिलं.

पाझारे सिस्टर त्या दिवशी सहाला घरी गेल्या, एकूण चोवीस तासांनी. जाताना लॅबच्या खिडकीपुढून गेल्या. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी ऐकलं नाही, का ऐकायचं नव्हतं, ठाऊक नाही. मला वाटलं, जाऊ दे, रागावलीय. उद्या येईल ताळ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नेहमीप्रमाणे सॅम्पलांचा ट्रे आला. रात्रपाळीच्या दुसऱ्या सिस्टरनं रक्त काढलं होतं. मी एकेक लावत गेलो. साडेदहाच्या सुमाराला चौदा नंबर आलं. सीरम स्वच्छ, मी आधी तेच पाहिलं. मग मशीनचा आकडा आला आणि माझा हात तिथंच थांबला.

एलडीएच नऊशे दहा.

मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा लावलं. नऊशे सहा. सीआरपी एकशे नव्वद. डी-डायमर तर मशीनच्या मर्यादेच्या बाहेर. एका दिवसात! तिन्ही नळ्या उजेडाला धरून पाहिल्या. तिन्ही स्वच्छ. कोणी हलवलेली नाही, घुसळलेली नाही. खरा आकडा होता तो.

खरं सांगू का, मला आनंद झाला. आता तरी करता येण्यासारखं काहीतरी होतं. सोनाबाई टेकाम, चव्वेचाळिसाव्या नंबरावरून थेट पहिल्या नंबरावर. आज एकही मशीन मोकळं नसलं तरी जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवता येईल. इतके आकडे असल्यावर गाडी आजच मिळेल, नाही म्हणायची कोणाची छाती होणार नाही. सिस्टरची माफी मागायची असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. माफी मागायची सवय नव्हती मला, म्हणून फोन उचलायच्या आधी मनात वाक्यसुद्धा जुळवलं.

फोन पाझारे सिस्टरनीच उचलला.

“सिस्टर, तुमचं बरोबर होतं!” मी जवळजवळ ओरडलोच. “मी हरलो, तुम्ही जिंकलात. चौदा नंबरचे आकडे आलेत. आज यादीत पहिली तीच. दोनपर्यंत थांबायची गरज नाही, डॉक्टरांना आत्ताच बोलवा. तुम्हाला कालच दिसलं होतं, मलाच...”

“भाऊ,” त्या म्हणाल्या.

“नाही, बोलू द्या मला. काल मी...”

“भाऊ, ती सातलाच गेली.”

मी हातातली नळी स्टँडमध्ये परत ठेवली.

“मी आठला आली तर कॉट रिकामी होती. रात्रीच्या सिस्टरनं सहाला रक्त काढलं, तवा बोलत होती म्हणे. मग अचानक झालं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला जरा सोपं गेलं असतं. “तुमच्याकडे आलं ते सहाचं रक्त आहे.”

“हो,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. फोन कोणी आधी ठेवला ते आठवत नाही.

बाकीची बावन्न सॅम्पलं अजून लावायची होती. ती लावली. न लावून कसं चालेल? ती माणसं जिवंत होती. यादी काढली तेव्हा कॉम्प्युटरनं तिचं नाव आपणहून वर टाकलं होतं, त्याला काय कळतं? मी पेनानं ते खोडलं, आणि दोन नंबरच्या पुढे एक लिहिलं, तीनच्या पुढे दोन, असं शेवटपर्यंत लिहीत गेलो.

दोनला डॉक्टर आले, चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांनी यादी हातात घेतली आणि त्यांचं बोट त्या खोडलेल्या नावावर थांबलं. आकडे खोडलेले नव्हते, ते त्यांनी वाचले. बराच वेळ वाचले.

“काल पाझारे सिस्टर काय म्हणत होत्या?” त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. घुसळलेली नळी, निंबाखालचं बोलणं, फिका चहा, ‘असू दे माय’. काही ठेवलं नाही. मला वाटत होतं, नळीचं ऐकून ते भडकतील, सिस्टरवर नाही तर माझ्यावर तरी. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते ओरडले नाहीत. डोळ्यांवरून हात फिरवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “मशीन मास्तरांनाच दिलं असतं मी, काका. पण एवढं काल बोलला असतात, तर मी जाऊन तिला बघून आलो असतो. पालथं झोपवलं असतं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन वाढवलं असतं. त्याला काही मशीन लागत नाही.”

मग त्यांनी यादीची घडी घातली आणि ते वॉर्डाकडे निघाले. दोन पावलं गेल्यावर थांबून त्यांनी मागे वळून विचारलं, “आज कोणाबद्दल काही म्हणाल्या का त्या?”

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.